दोन सूत ढिली

भर उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडच्या अॅल्युमिनियमच्या खिडकीला आतल्या बाजूने हात लावून पाहा. चटका बसतो. काच रंगीत असो, पडदा जाड असो, खोलीत एसी चालू असो, चौकटीचा चटका चुकत नाही. घरातलं अॅल्युमिनियमचं पातेलं आपण सांडशीशिवाय उचलत नाही, आणि त्याच धातूची चौकट भिंतीत बसवून मग विचारतो, खोली इतकी का तापते? हा प्रश्न गिऱ्हाइकांनी मला आयुष्यभर विचारला. उत्तर ऐकायला थांबणारी मात्र थोडीच निघाली.

माझा गाळा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. राहायला विठ्ठलवाडीला. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मी ऑफिसात खुर्चीवर बसावं अशी त्यांची फार इच्छा, पण माझे हात लहानपणापासून पाना-हातोडीकडेच वळायचे. लाकडी खिडक्या जाऊन सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या येऊ लागल्या तेव्हा मी या धंद्यात शिरलो आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाहेर पडलो. गाळा आता पुतण्या बघतो. एवढ्या वर्षांत बसवलेल्या बहुतेक खिडक्या मी विसरलो. एक विसरता आली नाही, आणि खरं सांगायचं तर विसरायचीही नाही.

तिच्याबद्दल सांगण्याआधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. आमचं माप इंचात आणि सुतात चालतं. एका इंचात आठ सूत. गवंड्याने खिडकीसाठी सोडलेली जागा कधीच काटकोनात नसते. वर एक माप, मध्ये दुसरं, खाली तिसरं. म्हणून तिन्ही मापं घ्यायची, त्यातलं सगळ्यात कमी धरायचं आणि त्यातूनही दोन सूत कमी करून चौकट बनवायची. अशी चौकट जागेवर नेली की कुठे अडत नाही. भोवती उरलेली फट पांढऱ्या सिमेंटने आणि सिलिकॉनने बुजवली की झालं काम. याला आम्ही 'दोन सूत ढिली' म्हणतो. कल्याणपासून बदलापूरपर्यंत कुठलाही मिस्त्री हेच करायचा, मीही करत होतो. माझे उस्ताद म्हणायचे, "सिलिकॉन की बंदूक में सब गुनाह माफ."

त्या गुन्ह्यांची शिक्षा गिऱ्हाईक विजेच्या बिलात भोगतं. दोन उन्हाळे गेले की सिलिकॉन आकसतं, सिमेंट सुटतं, आणि फटीतून वारा खेळायला लागतो. बदलापुरात तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या. तिथल्या एका नव्या जोडप्याने पलंगाच्या आधी एसी घेतला होता, आणि बिल बघून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. मी त्यांच्या देवघरातली उदबत्ती मागितली, पेटवली आणि बंद खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जायचं सोडून एका कोपऱ्यात वळला आणि खिडकीबाहेर गेला. नवरा बघतच राहिला. "म्हणजे आम्ही बदलापूर थंड करतोय," बायको म्हणाली. या उदबत्तीइतकं चांगलं यंत्र मला पुढेही मिळालं नाही. दुसरीकडे असेही लोक भेटले की ज्यांना बाहेरून आरशासारखी दिसणारी काच हवी असायची. थंडावा किती राहील हे सांगायला लागलो तर म्हणायचे, "वो छोडो मिस्त्री, बाहर से कैसा दिखेगा वो बोलो." मी त्यांनाही खिडक्या बसवून दिल्या. पोट सगळ्यांनाच असतं.

फट बुजवली तरी चौकटीचा चटका राहतोच. त्याचं उत्तर मला अंबरनाथच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. एका कंपनीच्या शीतगृहातल्या परदेशी खिडक्या त्याच्याकडे आल्या होत्या. एक पट्टी उत्सुकतेपोटी हॅकसॉने कापली आणि मी तिथेच उकिडवा बसलो. आतला धातू आणि बाहेरचा धातू एकमेकांना कुठेच टेकत नव्हते. दोघांच्या मध्ये कडक काळ्या प्लास्टिकची पट्टी होती. ऊन बाहेरच्या धातूला तापवतं, पण ती उष्णता काळ्या पट्टीशी येऊन थांबते. पातेल्याला काळी मूठ असते तेच तत्त्व. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचं वाईट वाटलं आणि कोणाला तरी सुचली याचं बरंही वाटलं.

मग मी ते करून पाहायला लागलो. दोन बारीक सेक्शन, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्ट्या, घेऊन मध्ये नायलॉनची पट्टी बसवायची. पहिल्या वेळी दोन्ही सेक्शनमधून एकच स्क्रू आरपार मारला आणि उष्णतेला मीच पूल बांधून दिला. नंतर आतले स्क्रू वेगळे, बाहेरचे वेगळे, दोन्ही नायलॉनमध्येच संपणारे असे केले. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडली तर आतून धुकं धरलं, म्हणून ओल शोषणारी पुडी, औषधाच्या बाटलीत असते ती, कडेला लपवली. नमुना गाळ्याच्या दारात उन्हात मांडून ठेवला. लोक यायचे, एका बाजूला हात लावायचे, दुसऱ्या बाजूला लावायचे, मान डोलवायचे आणि साधी खिडकी घेऊन जायचे. साध्या खिडकीच्या दुपटीहून जास्त भाव होता, त्यांचंही काय चुकलं?

ती खिडकी विकत घेणारा पहिला माणूस लछमनदास. कॅम्प पाचमध्येच त्यांचं जीन्सची बटणं आणि चेनी विकण्याचं दुकान होतं. आम्ही त्यांना साईं म्हणायचो. भारनियमनाचे दिवस होते. दिवसातले कित्येक तास वीज नसायची. साईं गाळ्यात आले, नमुन्याला दोन्हीकडून हात लावला आणि म्हणाले, "मिस्त्री, ठंडी पकड के रखनेवाली खिडकी हीच काय?"

त्यांच्या बायकोसाठी हवी होती. ईश्वरीबाई त्यांचं नाव. सगळी बिल्डिंग त्यांना अम्मा म्हणायची. मज्जातंतूंचा आजार होता. कमरेखाली काही वर्षांपूर्वीच लुळं पडलं होतं. पण खरा वैरी म्हणजे उकाडा. अंगात उष्णता शिरली की हात गळायचे, जीभ जड व्हायची, घास गिळता यायचा नाही, श्वास लागायचा. खोली थंड असली की त्याच अम्मा तास-तास गप्पा मारायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधापेक्षा गारवा महत्त्वाचा. एसी होता, पण वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक ट्यूब. अर्ध्या तासात खोलीची भट्टी व्हायची आणि अम्मांचं बोलणं बंद पडायचं. "वो देखती रहती है मेरे को," साईं म्हणाले. "बोल नहीं सकती. मैं पंखा झलता हूं. काय करू मी, सांग."

मी घर बघायला गेलो. चार मजली बिल्डिंग, दुसरा मजला. आमच्या भागात अशा कितीतरी इमारती त्या काळात हलक्या रेतीत, घाईघाईने उभ्या राहिलेल्या. अम्मांची खाट खिडकीसमोर. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "पुट, तेरे को चाय नहीं पिला सकती मैं. साईं के हाथ की चाय पियेगा तो खिडकी टेढ़ी लगायेगा." पुट म्हणजे सिंधीत मुलगा. मला त्यांनी शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारली.

त्या खिडकीला मी दोन सूत ढील ठेवली नाही. ठेवली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. ओळंबा लावून आधी भिंतीतली जागाच सरळ केली, कडा तासल्या, नव्याने गिलावा केला, आणि चौकट अशी बनवली की भोवती फक्त रबराची पातळ पट्टी मावावी. बसवताना घाम फुटला. बसली तेव्हा कागदाचा कपटाही आत जात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि साईं, मी आणि अम्मा वाट बघत बसलो. खोली हळूहळू, अगदी हळूहळू कोमट झाली. वीज परत आली तेव्हा अम्मा त्यांच्या लग्नातल्या वरातीची गोष्ट सांगत होत्या आणि ती अजून संपली नव्हती. साईं भिंतीकडे तोंड करून उभे होते. धंद्यात मला समाधान मिळालं असं मी म्हणतो तेव्हा मला ती दुपार आठवते.

चार-पाच महिन्यांनी साईं गाळ्यात आले ते रागाने. "ये क्या काम किया मिस्त्री? सरकतच नाही." जाऊन पाहिलं तर खिडकी खरंच मध्यावर अडत होती. मी खालचा ट्रॅक साफ केला, चाकं बदलली, चालू करून दिली. मनात शरमलो. काही आठवड्यांनी परत तेच. या वेळी कानस घेऊन वरची कड जराशी घासली. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मला माझ्याच हाताचा संशय यायला लागला होता. दोन्ही झडपा काढून ठेवल्या आणि चौकटीच्या वरच्या पट्टीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला. दोन्ही टोकांना दोरा आणि पट्टी यांच्यात जेवढी जागा होती, तेवढी मध्ये नव्हती. पट्टी मध्ये खाली वाकली होती. धातू आपणहून वाकत नाही. मी वर पाहिलं. नव्या रंगाखाली केसासारखी एक भेग खिडकीवरच्या बीमच्या कडेने गेली होती.

 "वरच्या-खालच्या खिडक्या बघून येतो, एकदमच सगळ्यांचं माप घेतो," असं काहीतरी सांगून निघालो. खालच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर त्याच जागेच्या खिडक्या बघितल्या. त्या साध्या होत्या, दोन सूत ढिल्या. छान सरकत होत्या. पण वरच्या फटीतलं सिलिकॉन मध्यावर दाबून बाहेर आलं होतं, सोऱ्यातून चकली यावी तसं. बीम तिथेही खाली येत होता. फक्त त्याला यायला आम्ही दोन सुतांची मोकळी जागा देऊन ठेवली होती. अजून एक सूत खाली आला असता तर त्या खिडक्याही अडल्या असत्या. अम्मांच्या खिडकीने जागाच दिली नव्हती, म्हणून ती सगळ्यांच्या आधी अडली. 

साईंना बाहेर बोलावून सांगितलं. ते ऐकत होते, पण ऐकायचं नव्हतं. "तू खिडकी घास," ते म्हणाले.

"खिडकी घासतो साईं. बीम कसा घासू?"

"धीरे बोल. अंदर वो सुनेगी."

मी गळ घातली म्हणून कल्याणच्या एका इंजिनिअरना ते बोलवायला तयार झाले. देशमुख नाव. कमी बोलणारा माणूस. त्यांनी हातोडीने बीम ठोकून पाहिला, आवाज ऐकला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काच तुमच्याकडे आहे ना? पातळ पट्ट्या कापून द्या." त्या पट्ट्या त्यांनी भेगांवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली. भेग जुनी आणि थांबलेली असेल तर काच तशीच राहते. भेग चालती असेल तर काच तडकते. जाताना त्यांनी बजावलं, "खिडकीची चौकट काढू नका. आता तिच्यावर किती भार आलाय मला माहीत नाही."

पंधरवड्यात अम्मांच्या खोलीतली काच तडकली, मग खालच्या मजल्यावरची. देशमुखांनी येऊन पाहिलं आणि जिन्यातच सगळ्यांना सांगितलं, "घरं रिकामी करा. आजच्या आज म्हणत नाही, पण उद्यावर फार ढकलू नका."

माणसं ऐकतील असं मला वाटलं होतं. गच्चीवर बैठक बसली. सगळ्यात वरच्या मजल्यावर पवार राहायचे, नोकरदार माणूस, घरावरचं कर्ज अजून फिटायचं होतं. ते म्हणाले, "काच पोरांच्या चेंडूने फुटली असेल. एकदा बाहेर पडलो की दारावर नोटीस लागणार, लाईट-पाणी तुटणार, मग हे घर आपलं राहील काय? बिल्डर केव्हाच गायब झालाय. कोणाच्या दारात जाऊन उभे राहू?" यात खोटं काही नव्हतं. मग ते साईंकडे वळले. "आणि धोका असता तर साईंनी अम्मांना इथं ठेवलं असतं? त्या जागची हलू न शकणाऱ्या बाईला? अम्मा आहेत तोवर आम्हीही आहोत."

सगळ्यांनी मान हलवली. पुढच्या दिवसांत ज्याच्या दारात गेलो तिथे हेच वाक्य ऐकलं. अम्मा आहेत ना अजून. आठ घरं, त्यात पोरं-बाळं, आणि सगळी त्या एका खाटेकडे बघून बसलेली. साईं काहीच बोलत नव्हते. मला त्यांचा संताप आला. दुकानावर जाऊन मी तो बोलूनही दाखवला.

त्यांनी ऐकून घेतलं. बटणांचा एक डबा पुढे ओढला, झाकण लावलं, परत काढलं. "किराये की खोली मिलेगी," ते म्हणाले. "कुठेपण मिलेगी. पत्रे की, तपणारी. तिथं उन्हाळ्यात ती किती दिवस काढेल? डॉक्टर को पूछा मैंने. डॉक्टर खाली देखने लगा. छत गिरेगा तो दोनों साथ में जाएंगे मिस्त्री. गरमी में तो वो अकेली जाएगी, मेरे सामने." माझा राग तिथेच विरला. त्या माणसाने हिशेब केला होता आणि त्याच्या हिशेबात चूक नव्हती. फक्त त्यात बाकीची घरं धरलेली नव्हती.

मी अम्मांना भेटायला गेलो ते घर सोडा म्हणायला नाही. खिडकी अडली होती, ती तरी पाहून यावी म्हणून. अम्मा जाग्या होत्या. खोली गार होती, त्यामुळे बोलणं स्पष्ट होतं.

"पुट, ये खिडकी दूसरी जगह बनेगी?"

मी साईंकडे पाहिलं. ते दारात उभे होते.

"बनेल अम्मा. हीच नाही नेता येणार. नवी बनवीन."

"ऐसीच? ठंडी पकडेगी?"

"याच्यापेक्षा चांगली."

मग त्या नवऱ्याकडे वळून सिंधीत काही बोलल्या. साईंनी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा त्या हिंदीत बोलल्या, माझ्यासमोर, मला साक्षीदार धरून. "मेरे को सब मालूम है. तुम बाहर बोलते हो, मेरे कान को बीमारी नहीं है. ऊपर पवार के बच्चे हैं. नीचे बच्चे हैं. सब मेरी खाट देख के बैठे हैं. कुछ हो गया तो बोलेंगे, अम्मा नहीं हिली. मैं ऐसा नाम ले के नहीं जाऊंगी." साईं खाली बसले आणि तोंड झाकून रडले. अम्मांना त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. हात उचलला गेला, पण पोचला नाही. मी बाहेर आलो.

जागा मला बदलापूरला मिळाली. माझ्या ओळखीचे म्हात्रेकाका, तिथले जुने शेतकरी. स्वतःच्या जमिनीवर त्यांनी तळमजल्याच्या पक्क्या खोल्या बांधल्या होत्या, जाड भिंतींच्या, वर झाडाची सावली. भिंत फोडून खिडकीची जागा बदलावी लागेल म्हणून मी भीत भीत विचारलं. काका म्हणाले, "खिरकी कुठं पायजे ती सांग. भिंत माजीच हाय." बाकीची कामं बाजूला ठेवली. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू दिली. नायलॉनच्या पट्ट्या, दुहेरी काच, रबर, सगळं त्याच रीतीने. दारालाही तसंच केलं, खाली ब्रशची पट्टी लावली. एसी बसला. वीज जायची वाट बघितली, उदबत्ती फिरवली. धूर सरळ छताकडे गेला. पण त्या कामात मला आनंद असा झाला नाही. हात चालत होते आणि जीव कॅम्प पाचच्या त्या बीमकडे लागलेला होता.

अम्मांना हलवायच्या दिवशी सकाळीच गेलो. गाडी खाली उभी होती. खुर्चीत बसवून, ओल्या चादरीत गुंडाळून जिन्याने उतरवायचं ठरलं. जिना अरुंद, खुर्चीला चार माणसं लागणार. साईंच्या दुकानातले दोघं होते, मी होतो. चौथा कोण म्हणून बघत होतो तर वरून पवार उतरले. त्यांनी खुर्चीचा पुढचा पाय धरला. वाटेतल्या सगळ्या दारांत माणसं उभी होती.  प्रत्येक दारासमोर अम्मा म्हणायच्या, "रुको," आणि आम्ही थांबायचो. "मैं जा रही हूं. तुम भी निकलो." बस, एवढंच. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांची जीभ जड व्हायला लागली होती, शेवटच्या दारात शब्द नीट फुटले नाहीत, पण तिथल्या बाईंना ते कळले. पवारांनी खुर्ची गाडीपाशी टेकवली आणि मागे वळून न बघता जिना चढून गेले. वरून त्यांच्या आवाजात ऐकू आलं, "भांडी काढ. आधी भांडी आणि पोरांची दप्तरं."

आठवड्याच्या आत बिल्डिंग रिकामी झाली. कोणी कल्याणला नातेवाइकांकडे गेलं, कोणी अंबरनाथला भाड्याने. दोन कुटुंबांची सोय लागेना, त्यांना आम्ही विठ्ठलवाडीच्या आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ठेवलं. माझी बायको आणि शेजारणी त्यांचा स्वयंपाक बघायच्या. कोणी मला दुवा दिला असं नाही. काहींनी तर घर घालवणारा मिस्त्री म्हणून शिव्या दिल्या, आणि त्या मी खाल्ल्या. ज्याचं घर जातं त्याला रागावायला कोणीतरी लागतं.

महिना उलटला असेल. दुपारची वेळ. साईंच्या दुकानातला माणूस पळत गाळ्यात आला. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब खाली आला होता आणि त्याच्याबरोबर पहिल्याचा. आम्ही पोचलो तेव्हा दोरी बांधून रस्ता अडवला होता. समोरची भिंत गेलेली, त्यामुळे आतलं सगळं उघडं दिसत होतं. अम्मांची खाट होती ती जागाच उरली नव्हती. आत कोणी नव्हतं. गर्दीतले लोक परत परत तेच बोलत होते, कोणी नव्हतं, कोणी नव्हतं. साईं हातात चष्मा घेऊन उभे होते. आयुष्याची कमाई त्या ढिगात होती आणि पुढे तिच्यातला एक पैसाही हाती आला नाही. चष्मा डोळ्यांना लावून ते म्हणाले, "चल, उसको बताना पड़ेगा. दूसरा कोई बतायेगा उसके पहले."

पण आमच्या आधी बातमी पोचली होती. बदलापूरच्या खोलीत पवारांची बायको अम्मांच्या पायाशी बसून रडत होती, मांडीवर धाकटी मुलगी. मागोमाग पवार आले. मग खालच्या मजल्यावरचं कुटुंब आलं, म्हाताऱ्या सासूला घेऊन. कोणी नारळ आणला, कोणी साखर, कोणी रिकाम्या हातांनी येऊन नुसतंच कोपऱ्यात उभं राहिलं. एक जण निघायचा आणि दोघं आत यायची. वीज गेलेली होती. त्या खोलीचं दार साईं कोणाला क्षणभर उघडं ठेवू द्यायचे नाहीत, म्हात्रेकाकांनाही त्यांनी त्यावरून टोकलं होतं. आता ते खाटेच्या डोक्याशी उभे होते आणि दार सताड उघडं होतं. बाहेरची गरम हवा सरळ आत येत होती. अम्मांच्या कपाळावर घाम जमायला लागला होता. पवारांची मुलगी त्यांचा हात धरून बसली होती.

मला राहवेना. उठलो आणि दाराची कडी धरली.

"रहने दे, पुट," अम्मा म्हणाल्या. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "अभी... बहुत लोग... आने के हैं."